हवा मोठी, पिच्चर बेताचा

गाजलेला समलिंगी प्रेमपट पाहून होणारा अपेक्षाभंग इतर अपेक्षाभंगांहून वेगळा असतो, कारण तो चारचौघांत बोलून दाखवायची सोय नसते. एखाद्या मोठ्या नटाचा मारधाडपट फुसका निघाला, तर माणूस मध्यंतरातच बाहेर येतो आणि समोशाच्या गाडीवर उभा राहून मनसोक्त शिव्या घालतो. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाचा, परदेशी महोत्सवात बक्षीस मिळवलेला चित्रपट कंटाळवाणा वाटला, तर मात्र पंचाईत होते. आवडला नाही म्हणावे, तर शिकलेले लोक बुरसटलेला ठरवतात. आवडला म्हणावे, तर बाकीचे लोक खालीवर बघत विचारतात, ‘काऊन बावा, तुले कायले आवडला?’ म्हणून वर्धा जिल्ह्यात अशा चित्रपटांवर सर्वाधिक ऐकू येणारा अभिप्राय ‘वेगळा हाये’ हा आहे. त्यात कोणीच अडकत नाही.

या अपेक्षाभंगाला दोन गोष्टी लागतात: मोठी हवा आणि उशिरा येणारा चित्रपट. वर्ध्याला दोन्ही मुबलक मिळतात. चित्रपटांच्या वितरणात विदर्भ मुंबईच्या विभागात धरला जात नाही, तो सी.पी.–बेरार विभागात मोडतो. सी.पी.–बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हे राज्य नकाशावरून जाऊन कित्येक दशके झाली, १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यात आला, पण चित्रपटाच्या धंद्याने जुना नकाशा अजून भिंतीवरून उतरवलेला नाही. मोठ्या चित्रपटाला याचा त्रास होत नाही. तो शुक्रवारी सगळीकडे लागतो आणि पुढच्या शुक्रवारी सगळीकडून उतरतो. मोजक्या पडद्यांवर लागणाऱ्या चित्रपटाची गोष्ट निराळी. त्याची कीर्ती सेवाग्राम एक्स्प्रेसने येते आणि तो स्वतः येतच नाही. पाहायचाच असेल, तर पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला जावे, तिथे तो लागला आहे का हे आधी पाहावे, आणि लागला असेल तर सकाळी साडेनऊच्या एकमेव खेळासाठी पहाटे घर सोडावे.

जे मिळत नाही त्याची चव तोंडोतोंडी वाढत जाते, हे वर्धेकराला वेगळे शिकवावे लागत नाही. गांधी जिल्हा म्हणून १९७० च्या दशकापासून इथे दारूबंदी आहे, आणि नदीपलीकडून येणाऱ्या बाटलीतल्या मालाचे जे वर्णन ऐकायला मिळते ते पलीकडच्या दुकानदारालाही ओळखू येणार नाही. चित्रपटाचेही तसेच होते. परदेशी समीक्षक ‘हळुवार’ असे लिहितो. मुंबईच्या पुरवणीत त्याचे ‘हेलावून टाकणारा’ होते, नागपूरच्या आवृत्तीत ‘खळबळजनक’, आणि वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर पोचेस्तोवर ‘लय भारी सीन हायेत म्हंते’ अशी त्याची गत झालेली असते. महोत्सवात लोकांनी किती मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवल्या, हा आकडा या प्रवासात वाढतच जातो. वर्ध्याचा प्रेक्षक थिएटरात राष्ट्रगीताला उभा राहतो आणि मध्यंतराला. त्याखेरीज उभे राहण्याचे कारण पुढच्याला ‘खाली बस बे’ म्हणण्यापलीकडचे असू शकते, हे त्याला ऐकूनच दडपण आणते.

गाजावाजा करण्यात विरोधकांचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल त्यांचे पुरेसे आभार मानले गेलेले नाहीत. दोन स्त्रियांच्या प्रेमाचा, दीपा मेहतांचा ‘फायर’ १९९६ चा. भारतात तो १९९८ च्या नोव्हेंबरात लागला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत चित्रपटगृहाची तोडफोड झाली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि १९९९ मध्ये कात्री न लागता परत आला. तोवर त्याचे नाव अशा गावांत पोचले होते जिथे त्यातल्या शबाना आझमींचा एकही कलात्मक चित्रपट कधी लागला नव्हता. पुढे सीडीच्या जमान्यात ज्यांनी तो मोठ्या आशेने, दार लावून पाहिला, त्यांच्या वाट्याला दिल्लीतले एक मध्यमवर्गीय घर, एक आजारी सासू, ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेला नवरा आणि बराचसा स्वयंपाक आला. दगड मारणाऱ्यांनी जो चित्रपट डोळ्यांसमोर आणला होता तो पाहायला मिळाला असता, तर सीडीवाल्याकडे पैसे परत मागायला कोणी गेले नसते.

चित्रपट न पाहता मत देण्याच्या परंपरेला या जिल्ह्यात तशी थोर पूर्वपीठिका आहे. १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ समितीने देशभरातल्या मान्यवरांना प्रश्नावली पाठवली, तेव्हा महात्मा गांधींनी आपण कधी सिनेमाला गेलेलो नाही हे सांगून टाकले आणि सिनेमाने केलेले नुकसान बाहेरच्या माणसालाही दिसते, असेही त्याच दमात कळवले. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला राहायला आले. त्यांनी पाहिलेला भारतीय चित्रपट म्हणून विजय भट्ट यांच्या १९४३ च्या ‘रामराज्य’चे नाव सांगतात. म्हणजे त्यांनी निदान नंतर एक तरी पाहिला. अलीकडचे अभिप्रायकर्ते एवढेही करत नाहीत.

प्रत्यक्ष पाहण्याचा विधी आता बहुतेक मोबाइलवर उरकतो, आणि तिथेच अर्धे पाणी मुरते. तीन खोल्यांच्या घरात हा चित्रपट पाहण्यासाठी रात्री अकरानंतरची वेळ निवडावी लागते. इअरफोनचे एक बोंडूक कानात आणि दुसरा कान दाराकडे, अशी बैठक असते. ब्राइटनेस इतका कमी केलेला असतो की मुळात अंधारात चित्रित केलेल्या प्रसंगात फक्त प्रेक्षकाचे स्वतःचे नाक काचेत दिसते. आई पाणी प्यायला उठली की बोट आपोआप क्रिकेटच्या स्कोअरवर जाते. आई जाते. बोट परत येते, पण दहा सेकंद मागे जाण्याऐवजी दहा मिनिटे पुढे गेलेले असते, आणि दहा मिनिटे पुढे जाऊनही दोघे त्याच खिडकीत बसलेले असतात. इथे प्रेक्षकाच्या मनात पहिली शंका येते.

या शंकेला जागतिक सिनेमाने भरपूर खतपाणी घातले आहे. २००५ च्या ‘ब्रोकबॅक माउंटन’पासून या प्रकाराचे काही रिवाज ठरून गेले. मेंढ्या किंवा बकऱ्या असाव्यात. पाणी असावे आणि त्यात एकदा तरी उतरावे. बोलायची वेळ आली की दोघांनी गप्प बसावे. शेवटी एक जण मरावा किंवा लग्न करून मोकळा व्हावा, आणि उरलेल्याने कपड्याचा वास घ्यावा. अँग ली यांना याबद्दल दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले ते योग्यच होते. मागाहून आलेल्यांनी बकऱ्या घेतल्या आणि अँग ली घ्यायचे विसरले. २०१७ च्या ‘कॉल मी बाय युवर नेम’ने इटलीतला उन्हाळा, सायकली आणि पीच नावाचे फळ आणले. त्याच्या शेवटी टिमोथी शालामे शेकोटीकडे बघत बसतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. शेजारून श्रेयनामावली सरकू लागते तरी चेहरा तिथेच. जगभरच्या समीक्षकांनी या एका चित्रचौकटीवर रकाने भरले. फोनवर पाहणारा वर्धेकर मात्र या वेळी फोन हलवतो, वायफाय बंद करून डेटा चालू करतो आणि म्हणतो, ‘नेट अटकलं वाटते.’

उन्हाळ्याचा मुद्दा आला आहे तर एक गोष्ट नोंदवायला हवी. पाश्चात्त्य प्रेमपटात उन्हाळा हा प्रेमाचा ऋतू असतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की कूलरसमोरची जागा कोणी कोणासाठी सोडत नाही, प्रियकरासाठी तर नाहीच.

हिंदी चित्रपटांनी उलटी वाट धरली. तिथे गप्प कोणीच बसत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि मग ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’ (२०१९), ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०), ‘बधाई दो’ (२०२२) असे ओळीने चित्रपट आले. यांतला दुसरा सर्वांत गाजला आणि अपेक्षाभंगाचा नमुना म्हणून सर्वांत सोयीचा आहे. आयुष्मान खुराना आणि जितेंद्र कुमार यांचे प्रेम चित्रपट सुरू व्हायच्या आधीच जुळलेले असते. कुठे भेटले, कोण आधी बोलले, कोणाची रात्रीची झोप उडाली, यातले प्रेक्षकाला काही मिळत नाही. प्रेमपटातला प्रेमाचा भाग गाळून उरलेल्या जागेत गजराज राव, नीना गुप्ता, काळा फ्लॉवर आणि भाषण बसवलेले आहे. चित्रपटात हशे आहेत, ते सगळे आईबापांना मिळालेत. बाहेर पडणाऱ्याला मुलांची नावे आठवत नाहीत, बाप आठवतो. कुटुंबाने स्वीकार करावा हे पटवण्यासाठी चित्रपट कुटुंबालाच नायक करतो, आणि ज्यांचा स्वीकार व्हायचा ते लग्नात आलेल्या दूरच्या पाहुण्यांसारखे कडेला उभे राहतात.

मराठी वाचकाला झालेली जखम आणखी वेगळी, आणि ती ‘कोबाल्ट ब्लू’ची. सचिन कुंडलकरांची ही छोटी कादंबरी २००६ ची. घरात राहायला आलेल्या एका भाडेकरूच्या प्रेमात बहीण आणि भाऊ दोघेही पडतात, आणि तो दोघांनाही सोडून जातो. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराचा वास त्या पुस्तकाच्या पानापानाला आहे. जेरी पिंटोंच्या इंग्रजी भाषांतरानंतर पुस्तकाचे नाव आणखी पसरले. २०२२ च्या एप्रिलमध्ये चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा ते घर केरळातल्या फोर्ट कोचीला गेलेले होते आणि घरातली माणसे हिंदी-इंग्रजी बोलत होती. दृश्ये देखणी. तळे, निळ्या भिंती, पाऊस, सगळे जागच्या जागी. फक्त ज्या घरात काही बोलता येत नाही म्हणून ती गोष्ट घडते, ते घरच उरले नाही. पुस्तक न वाचलेल्यांना चित्रपट बरा वाटला. वाचलेल्यांनी पुन्हा पुस्तक काढले, त्यामुळे निदान वाचनसंस्कृतीचा फायदा झाला.

आता ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा कथापट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे जागतिक कथापट विभागातले ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. मराठी चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. मधल्या आठ महिन्यांत हवा इतकी झाली की वर्ध्यात ज्यांना त्याचे नाव कळले होते, त्यांतल्या काहींना तो कापसावर आहे असे वाटत होते. बोंड म्हटले की इथे आधी बोंडअळी आठवते, आणि गुलाबी बोंडअळीवर कोणी चित्रपट काढून परदेशात बक्षीस मिळवले असेल तर सरकारी मदतही सुटेल, असा हिशेब त्यामागे होता.

गोष्ट तीन ओळींची आहे. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो. तिथे त्याचा लहानपणचा मित्र बाल्या आहे, तोही बिनलग्नाचा. नातेवाईक दोघांच्याही लग्नाच्या मागे लागलेले आहेत, आणि या सगळ्यात ते दोघे हळूहळू जवळ येतात. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी कामे नेटकी केली आहेत आणि आईच्या भूमिकेत जयश्री जगताप आहेत. स्वतःच्या वडिलांच्या जाण्यानंतरचे गावातले दिवस दिग्दर्शकाच्या मनात होते, हे पडद्यावर दिसते. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो आणि माणसे त्याच्या समोरून ये-जा करतात.

अपेक्षाभंग सुरू होतो तो इथे, आणि त्याचे स्वरूप प्रत्येकाच्या आशेप्रमाणे बदलते. खळबळ शोधणाऱ्याला सुतक मिळते. पायात काय घालायचे नाही, ताटात काय वाढायचे नाही, कोणाच्या घरी जायचे नाही, याची यादी त्याला स्वतःच्या आजीकडून फुकट मिळाली असती. रडायची तयारी करून, रुमाल घेऊन बसलेल्याला कोणी मारत नाही, झाडाला टांगत नाही, बाप कुऱ्हाड घेऊन धावत नाही. आईला मुलाचे सगळे ठाऊक आहे आणि ती त्याला सांभाळून घेते. हे पाहून ‘असं कुठं असते का’ म्हणणारा प्रेक्षक मुलाचा जीव जाईल अशी खात्री बाळगून आलेला असतो. जीव वाचल्याने त्याची फसवणूक होते. विरोध करायला आलेल्याची अवस्था सर्वांत केविलवाणी. बकऱ्या, बांध, झाड, दोन माणसे शेजारी शेजारी बसलेली. भावना दुखवून घ्यायला काही तरी तर हवे. तासाभराने तोही भिंतीला टेकतो, आणि घरी जाऊन सांगतो की दशक्रियेचे दाखवले ते बरोबर आहे, फक्त आमच्याकडे पद्धत जरा वेगळी.

अभ्यासू प्रेक्षक, म्हणजे वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाच्या टेकडीवर नाट्य-सिनेमा शिकणारा किंवा तिथल्या चहाच्या टपरीवर नुसता बसणारा, अपेक्षाभंग झाला असे कधीच म्हणत नाही. तो ‘स्पेस’ म्हणतो, ‘टेक्स्चर’ म्हणतो, आणि मध्येच आलेली जांभई विचारात पडल्यासारखी हाताआड नेतो. ‘महत्त्वाचा चित्रपट’ हा शब्दप्रयोग याच वर्गाने चालवला. चित्रपट महत्त्वाचा आहे असे एकदा म्हटले की तो लांबला का, हा प्रश्न विचारणे असभ्य होते. ‘साबर बोंडं’ लांबला आहे. मधल्या भागात तीच भेट, तेच झाड आणि तोच मावशीचा प्रश्न फिरून येतो, आणि संपादकाने दहा-बारा मिनिटे उचलली असती तर सुतकाचा एकही दिवस कमी पडला नसता. हे सांगितल्याने कोणाच्या हक्कांवर गदा येत नाही. उलट, दोन पुरुषांच्या प्रेमाचा चित्रपट म्हणून त्याला काठावरचे गुण वाढवून देणे हा एक प्रकारचा दुजाभावच आहे, फक्त गोड बोलून केलेला.

आणखी एक प्रेक्षक असतो, ज्याचा हिशेब यांत कोणीच धरत नाही. हिंगणघाट किंवा देवळी तालुक्यातल्या एखाद्या गावचा, तिशीकडे झुकलेला, ‘यंदा तरी लगन कराचं का नाई’ हे प्रत्येक लग्नसराईत ऐकणारा, आणि नकाराचे खरे कारण कोणालाही न सांगितलेला. आजवरच्या गाजलेल्या चित्रपटांत त्याला न्यूयॉर्कचे फ्लॅट दिसले, इटलीचे बंगले दिसले, पांढरे पडदे दिसले. आपले काही दिसले नाही. ‘साबर बोंडं’मध्ये पहिल्यांदा आपले दिसते, आणि नेमकी त्याचीच निराशा सर्वांत मजेशीर असते. मावशी तीच. काकाची तिरकी नजर तीच. शेतातली पायवाट, गोठ्यामागचा कोपरा, कोणी येत नाही ना म्हणून मागे वळून पाहणे, सगळे तेच. हे तर रोज फुकटात चालू आहे, त्यासाठी नागपूरचे येण्याजाण्याचे भाडे आणि तिकीट कशाला, असा त्याचा सरळ सवाल असतो. त्याला इटली बरी वाटते. तिथले आईबाप काही विचारत नाहीत आणि दुपारी कोणी निंदणाला बोलावत नाही.

फळांबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. इटालियन प्रेमाला पीच लाभले, आपल्याकडच्याला साबर बोंड, म्हणजे निवडुंगाचे काटेरी लाल फळ. ते हातात घेण्याआधी बारीक कुसळे काढावी लागतात, नाहीतर दोन दिवस बोटे चुरचुरतात. प्रियकरासाठी एवढे करणारा माणूस भाषणाशिवाय कळतो, आणि हा चित्रपटातला उत्तम भाग आहे. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळे दरवर्षी गळतात, भाव पडतात, आणि एकाही समलिंगी प्रेमपटाने अजून संत्र्याकडे पाहिलेले नाही. सोलायला सोपे, दोघांत वाटून खाण्यासाठी निसर्गानेच फोडी करून ठेवलेले फळ हातचे सोडून दिग्दर्शक काट्यांत का शिरतात, हे बागाईतदाराला न उलगडलेले कोडे आहे.

मराठीत हा विषय ‘साबर बोंडं’पासून सुरू झाला असे समजण्याचे कारण नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले, त्यात मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली होती. तेंडुलकरांच्याच कथेवर रवी जाधव यांनी केलेला ‘मित्रा’ हा लघुपट २०१४ चा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात कोणाला फारसा अपेक्षाभंग झाल्याचे ऐकिवात नाही, आणि कारण सोपे आहे: तो लहान आहे आणि पाहणाऱ्यांना आधी कोणी काही सांगितले नव्हते.

‘साबर बोंडं’चा निकाल द्यायचा तर तो चांगला चित्रपट आहे, थोर नाही, पहिली वीस मिनिटे आणि आईचे सगळे प्रसंग पैसे वसूल करतात, मधला भाग धीराने काढावा लागतो. पाहणाऱ्याने तो फोनवर पाहू नये, जमल्यास मोठ्या पडद्यावर आणि पोट भरलेले असताना पाहावा. आणि पाहून आलेल्याने पुढच्याला सांगताना जग हलले, डोळे पाणावले, इतिहास घडला असले काही सांगू नये. ‘बरा हाये, दमानं पाय’ एवढे पुरे.